टाळलेली घरभेट

या, पुढं सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही थोडं जवळ यावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. बुवांची गाडी अजून वाटेत आहे, पखवाजाला कणीक लावायचं चाललं आहे, आणि वीणेकऱ्यांची तार काही केल्या जुळत नाही. तेवढ्या वेळात एक गोष्ट नक्की सांगून होईल. कीर्तनात भक्तानं हाक मारली की देव धावत येतो. या गोष्टीत एक बाई धावत गेली. पण उशिरा गेली, आणि हाक कानावर आली नसती तर गेलीच नसती. तिला उशीर का झाला, ते ऐका.

गडमुडशिंगी गाव मागं टाकून ओढ्याच्या अंगाला गेलं की उसाच्या फडांमध्ये एक वस्ती लागते. तिथं एका खोलीची अंगणवाडी आहे. भिंतीवर रंगवलेली फुलपाखरं, दारात इवल्या चपलांचा ढीग, कोपऱ्यात आढ्याला टांगलेला वजनकाटा. तिथल्या सेविका म्हणजे आक्काताई. वस्तीतली कितीतरी पोरं त्यांनी त्या काट्याच्या झोळीत घालून जोखली. ती पोरं मिशा फुटून संसाराला लागली आणि आता त्यांची पोरं त्याच झोळीत बसून आक्काताईंच्या अंगावर मुततात. सगळ्या वस्तीचं बाळंतपण त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं. कुणाचं रक्त कमी आहे, कोण गोळ्या उकिरड्यावर टाकते, कुणाची सासू सुनेच्या वाटणीचा पोषण आहार म्हशीला घालते, सगळं त्यांना ठाऊक.

त्यांचं स्वतःचं लेकरू मात्र नव्हतं. लग्नाला वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांचे यजमान जोतीराम कारगिलच्या लढाईत गेले. पुढं सासू गेली, सासरे गेले, घरात एकटं माणूस राहिलं. सकाळी मुलांचा कलकलाट आणि संध्याकाळी घरात चिमणीही नाही. एकादशीला देवळात कीर्तन असलं की आक्काताईंचा दिवस चांगला जायचा. भिंतीला टेकून बसायचं, बुवांच्या शब्दाशब्दाला मान डोलवायची आणि घरी येताना तोंडातल्या तोंडात चाल घोळवायची. कुणाशी बोलायला नसलं म्हणजे माणूस देवाशी बोलतं. आक्काताई तेवढ्यावर भागवत होत्या.

आता एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढची कळायची नाही. जोतीराम गेल्याची बातमी आली त्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या हौसाआजी तांब्याभर ताक घेऊन आक्काताईंच्या घरात आल्या होत्या. हौसाआजी तरुणपणीच विधवा झालेल्या. पोरगी नवी आहे, नवरा लढाईवर आहे, जेवत नाही म्हणतात, तेव्हा दोन घोट ताक तरी पिऊ दे, एवढंच त्यांच्या मनात. दुसऱ्या दिवशी बातमी आली. आक्काताईंच्या सासूनं मरेपर्यंत एकच धोशा लावला, "त्या उघड्या कपाळाच्या बाईचा पाय उंबऱ्याला लागला नि माझं पोरगं गेलं." हौसाआजींनी ते ऐकलं आणि त्यानंतर जिवंत असेपर्यंत कुणाच्या घरात पाऊल टाकलं नाही. काही द्यायचं झालं तर दाराबाहेर ठेवायच्या आणि हाक मारून निघून जायच्या.

आक्काताईंना हे खरं वाटत होतं का? नव्हतं. गावागावांत ठराव झाले, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, तेव्हा हात वर करणाऱ्यांत त्या पहिल्या होत्या. देवाला विटाळ नाही असं बुवा सांगत, आणि आक्काताईंची मान डोलत असे. पण मान डोलणं वेगळं आणि उंबरा ओलांडणं वेगळं.

परवाच्या उन्हाळ्यात सीमेवर पुन्हा पेटलं. टीव्हीवर रात्रंदिवस तेच. शाळेच्या मैदानात भोंगा वाजवून हवाई हल्ल्याची तालीम झाली, तिन्हीसांजेला वस्तीतले दिवे घालवले गेले, पोरं काळोखात हसत पळत सुटली. रजेवर आलेल्या जवानांना जेवणाच्या ताटावरून उठून परत जावं लागलं. अंगणवाडीच्या बैठकीत पर्यवेक्षिका मॅडमनी सगळ्या सेविकांना बजावून सांगितलं, "ज्यांची माणसं तिकडं आहेत त्या घरातल्या गरोदर बायका आणि तान्ही मुलं आधी बघा. दर आठवड्याला घरभेट झाली पाहिजे. नुसता आहार पोचवून चालणार नाही, माणूस बघून या."

आक्काताईंच्या वस्तीत असं एकच घर होतं. केरबा आणि बनाबाईचं. त्यांचा लेक विजयसिंह सीमेवर, आणि त्याची बायको स्वप्नाली आठव्या महिन्यात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण राधानगरीकडं तिच्या माहेरी आई नव्हती, भाऊ नि वडील दोघंच. म्हणून ती सासरीच राहिली. विजयसिंह बाळंतपणाला रजा काढून येणार होता. रजा रद्द झाली, आणि पुढं त्याचा फोनही लागेना.

मॅडमचं बोलणं आक्काताईंनी मान हलवून ऐकलं. परतल्यावर त्यांनी आहाराची पाकिटं, लोहाच्या गोळ्या असं सगळं पिशवीत भरलं आणि पिशवी धोंडुबाईच्या हातात दिली. धोंडुबाई अंगणवाडीची मदतनीस. खिचडी शिजवावी, पोरांची नाकं पुसावीत, हसतमुखानं काम करावं, अशी बाई.

"मी जाऊ व्हय? भेट तर तुमची हाय न्हवं?" धोंडुबाई म्हणाली.

"जा गं तू. मला हितलं आवरायचं हाय."

आवरायचं काहीच नव्हतं. धोंडुबाई भरल्या कपाळाची, तिचा नवरा बाळासो रोज संध्याकाळी पारावर पत्ते कुटत बसलेला. तिनं जावं. लढाईवरच्या माणसाच्या घरात, पोटुशी पोरीसमोर, आपलं हे कपाळ घेऊन कशाला जायचं? काही झालं तर लोक बोट दाखवणार नाहीत, काळ बदललाय. पण आपलं मन? ते सासूच्या आवाजात बोलायला लागलं तर त्याला कुठं नेऊन ठेवायचं?

असं करत एक भेट टळली, मग दुसरी, मग तिसरी.

"कशी हाय गं पोरगी?" प्रत्येक वेळी आक्काताई विचारायच्या.

"बरी हाय की. पाय सुजल्यात जरा. दिस भरत आलं की सुजायचंच."

"तोंडबिंड सुजलंय काय?"

"तोंड वर करती कुठं? खालीच बघत असती. बोलत न्हाई, चालत न्हाई. नवऱ्याचा घोर लागलाय तिला, दुसरं काय."

आक्काताईंच्या मनात टोचलं. त्यांनी निरोप धाडला, लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या सिस्टर येणार आहेत, तेव्हा तपासायला ये. स्वप्नाली आली नाही. उन्हाचं नको म्हणाली, असं धोंडुबाईनं सांगितलं. आपण स्वतः जाऊन हाताला धरून आणायला पाहिजे, हे आक्काताईंना कळत होतं. कळत होतं आणि पाय उचलत नव्हता.

एकदा तर समोरासमोर गाठ पडली. आक्काताई ओढ्याच्या वाटेनं येत होत्या, आणि स्वप्नाली दारात जोत्यावर बसली होती. मोठं पोट, हात मांडीवर टाकलेले. तिनं मान वर केली आणि तिचा चेहरा एकदम जागा झाला, बोलायला तोंड उघडल्यासारखा. आक्काताईंनी झटक्यानं पदर कपाळावर ओढला, पायवाट सोडली आणि उसात शिरल्या. पाती गालाला कापत होती. ईडापीडा टळो, पोरीचं कुंकू सुखाचं राहो, असं म्हणत त्या आडव्या फडातनं घरी आल्या. जोत्यावर बसलेल्या पोरीनं त्यातलं काय पाहिलं आणि काय ताडलं, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. मुलं घरी गेली होती, धोंडुबाई भांडी घासून निघून गेली होती. आक्काताई एकट्या पाट्या गोळा करत होत्या, तोच बनाबाई दारात उभी राहिली. उन्हातून अनवाणी आलेली.

"आक्काताई, खरं सांगा. माझ्या पोराचं काय कळलंय तुमास्नी?"

आक्काताईंनी मान वर केली. "मला? वैनी, मला काय कळणार?"

"मग का येईना झालासा? सगळ्या वस्तीच्या बाळंतपणाला दारात ठाण मांडून बसणारी बाई तुमी. वाण्याच्या सुनंला दटावून दटावून गोळ्या खायाला घातलासा. आमच्याकडं धोंडीला धाडताय. परवा सुनंला बघून उसात पळालासा म्हणं."

"वैनी, तसं न्हाई ते..."

"कसं न्हाई? पोरगी काय म्हणती ठावं हाय? म्हणती, आक्काताई लष्करातल्या माणसाची बायको, त्यास्नी आधी कळणार. कळलंय नि मला तोंड दावाय धजंना झाल्यात. चार दिस झालं घासाला शिवली न्हाई. डोस्कं दुखतंय म्हणून भिताडाकडं तोंड करून पडती. विमान वरनं गेलं तरी अंग चोरती. मी टीव्हीची वायर काढून ठेवली, तर म्हणती, बातमी आली म्हणूनच काढलीसा. आता मलाच भ्या वाटाय लागलंय, बाई. खरं काय ते एकदा सांगून टाका."

उजळाईवाडीचं विमानतळ जवळच. बोलता बोलता एक विमान खरंच घरघरत वरून गेलं, आणि दोघीही ते दिसेनासं होईपर्यंत वर बघत राहिल्या.

"मला काय कळलं न्हाई, वैनी," आक्काताई हळूच म्हणाल्या. "माझं हे कपाळ. तुमचं पोरगं तिकडं. पोटुशी पोरीवर सावली नगो म्हणून न्हाई आलो."

एकदम बनाबाईचा पारा चढला. "कपाळ? कपाळाचं कोण इचारतंय तुमास्नी? आमी कवा बोललो? मी रोज पाट मांडून ठेवतोय, आज येतील, उद्या येतील. आमचंच काय चुकलं म्हणून आमच्या मालकांनी मला दोनदा इचारलं. नि तुमी कपाळ धरून बसलाय."

"डोस्कं दुखतंय म्हणालासा. डोळ्याम्होरं काय चमकतंय का तिच्या?"

"काजवं दिसत्यात म्हणती. रडून रडून हुतंय तसं."

आक्काताईंनी पाट्या तशाच टाकल्या. कुलूप लावायचं भान राहिलं नाही. जड पोटाच्या बाईचं डोकं ठणकावं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकावेत, हे दुःखानं नव्हे, रक्तदाब चढल्यानं होतं, हे प्रशिक्षणात दरवर्षी शिकवतात. धोंडुबाईनं तीन वेळा सूज सांगितली होती. तीन वेळा आपण ती कानाआड केली होती. बनाबाईला मागं टाकून त्या पळत सुटल्या. पळता पळता त्यांनी सिस्टरना फोन लावला, "सिस्टर, बीपीचं यंत्र घिऊन केरबांच्या घराकडं या, आत्ताच्या आत्ता."

स्वप्नाली माजघरात भिंतीकडं तोंड करून पडली होती. पावलांचा आवाज ऐकून तिनं वळून पाहिलं. दारात आक्काताई. घामानं भिजलेल्या, धापा टाकणाऱ्या, पदराची शुद्ध नसलेल्या. आणि त्यांच्या मागोमाग सासू, डोळे पुसत.

तिनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

"सांगू नगासा," ती म्हणाली. "ताई, तुमच्या पाया पडतो. सांगू नगासा."

आक्काताई आल्या नाहीत, तेव्हा न येणं हीच बातमी झाली होती. आता धावत आल्या, तर येणं ही बातमी झाली. पोरीला कुठल्या बाजूनं हात लावावा ते त्यांना कळेना.

"न्हाई गं बाळ. मी काय सांगाय आलो न्हाई. तुला बघाय आलोय."

"मग इतकं दिस का आला न्हाईसा? मला बघून उसात शिरलासा."

आक्काताईंनी खरं ते सांगितलं. कपाळाचं, सावलीचं, हौसाआजींच्या ताकाचं. स्वप्नालीनं कानांवरचे हात काढले खरे, पण ऐकून मान हलवली. तिचा चेहरा सुजून वेगळाच दिसत होता, डोळे बारीक झाले होते.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतासा. सासूबाई सांगत हुत्या, तुमच्या वक्ताला सगळ्या गल्लीला आधी कळलं हुतं. नि सकाळधरनं तुमच्या घराकडं कोण फिरकलं न्हवतं."

ते खरंच होतं. त्या सकाळी नळावर आलेल्या बायका अर्ध्या घागरी उचलून निघून गेल्या होत्या. आज पाणी कसं मोकळं मिळालं म्हणून बावीस वर्षांची आक्काताई मनात खूश झाली होती. दोन्ही घागरी भरून घरी आली, तर दारात गणवेशातली माणसं. ही गोष्ट त्यांनी कुणाला कधी सांगितली नव्हती. आणि या पोरीला त्यांनी स्वतः तीच सकाळ दाखवली होती. एक दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे.

विजयसिंहचा फोन लागत नव्हता. लागला असता तर तो एक पुरावा होता. शपथ घ्यावी तर शपथ खोटीही घेतात. पोरगी गोळी घेणार नाही, दवाखान्यात चल म्हटलं तर तिकडंच काही सांगतील म्हणून उठणार नाही. आणि वेळ तर हातात उरलेला नव्हता.

आक्काताईंनी भिंतीतल्या देवळीकडं पाहिलं. "वैनी, कुंकवाचा करंडा द्या."

"आं?"

"द्या म्हणतोय न्हवं."

बनाबाईनं करंडा आणून दिला. आक्काताईंनी झाकण उघडलं. जोतीराम गेल्यापासून या बोटाला कुंकू लागलं नव्हतं, देवीच्या पूजेतही त्या लांबून हात जोडायच्या. पांडुरंगा, त्यांनी मनातल्या मनात म्हटलं, याचं काय व्हायचं असेल ते माझं होऊ दे. तिकडं डोंगरात उभ्या असलेल्या पोराचं काही नको. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि स्वप्नालीची हनुवटी वर केली.

"हिकडं बघ. मालक गेलेल्या पोरीच्या कपाळाला कोण कुंकू लावतं व्हय? तुझ्याबद्दल वाईटवंगाळ काय कळलं असतं, तर ह्या माझ्या हातानं मी लावलं असतं? बोल की."

त्यांनी कुंकू लावलं. ओबडधोबड लागलं, थोडं नाकावर सांडलं. स्वप्नाली त्यांच्या बोटाकडं बघत राहिली, मग त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं. शहाण्यासुरत्या माणसाला हा काही पुरावा वाटायचा नाही. पण त्या घरात, त्या तिघींमध्ये, याहून मोठा पुरावा नव्हता. पोरगी रडत आक्काताईंच्या मांडीवर कोसळली.

"खरंच न्हाई कळलं?"

"खरंच न्हाई. आता पाय दाव."

आक्काताईंनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला तो भरून येईना. तेवढ्यात सिस्टर आल्या, त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, परत एकदा गुंडाळून पाहिला. "ताई, हे आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता एकशे आठला फोन लावला.

गाडी आली. वाटेत झटका येतो की काय म्हणून सिस्टर पोरीच्या उशाशी बसल्या, आक्काताई पायाशी. स्वप्नाली डोळे मिटून पडली होती. अधूनमधून हात चाचपून आक्काताईंचा पदर सापडतो का बघायची, आणि सापडला की गप्प व्हायची. कोल्हापुरात दवाखान्याच्या दारात मागून आलेल्या केरबांना पहारेकऱ्यानं अडवलं, "ओ पावणं, गडी मानसानी भाईर थांबायचं," आणि म्हातारा भिंतीला टेकून उकिडवा बसून राहिला. संध्याकाळच्या आत शस्त्रक्रिया झाली. मुलगी. महिना राहिला असताना आलेली, वीतभर, रडायलाही दमणारी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघींचंही सांगता येत नव्हतं.

आक्काताईंनी ते वाक्य ऐकलं आणि त्या बाहेर येऊन नळावर हात धूत राहिल्या. बोटाचा लाल रंग निघाला तरी धूत राहिल्या.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले, ते त्यांना ठाऊक आणि पांडुरंगाला ठाऊक. सकाळी अंगणवाडी, दुपारी बस धरून दवाखाना, तिन्हीसांजेला परत आपली रिकामी खोली. स्वप्नालीचं बीपी उतरत होतं, बाळ थेंबथेंब दूध घ्यायला लागलं होतं. सगळे म्हणत, ताईंनी वाचवली. ताई आतल्या आत मोजत होत्या वेगळंच. विजयसिंहचा फोन अजून नव्हता. माझ्या बोटानं तिला कुंकू लागलंय. आता तिकडं काही झालं तर? हे कुणाजवळ बोलायचं? बनाबाई हसली असती, धोंडुबाईनं तोंडाला पदर लावला असता, सिस्टर म्हणाल्या असत्या, ताई, तुम्ही शिकलेल्या ना? त्या एकादशीला त्या कीर्तनाला जाऊन बसल्या. बुवा रंगात आले होते, सभा डोलत होती, आणि आक्काताईंच्या कानात एक शब्द शिरत नव्हता. सगळं देऊळ माणसांनी भरलेलं, आणि त्यात ही एक बाई अशी बसलेली, जसं विहिरीच्या तळाशी कुणी बसावं.

नंतर सीमेवर शांत झाल्याचं टीव्हीवर सांगितलं. तरी फोन नाही. आणि मग एका दुपारी, आक्काताई बाळाच्या पेटीशेजारून वॉर्डात येत होत्या तेव्हा, बनाबाईच्या पदराच्या गाठीतला मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. बनाबाईनं तो कानाला लावला आणि खाटेवर मटकन बसली. "इजय," एवढंच ती म्हणाली आणि मोबाईल सुनेकडं दिला.

स्वप्नाली बोलली, रडली, हसली, मध्येच "व्हय, तुमच्यासारखंच नाक हाय, चपटं" म्हणाली. आक्काताई खाटेच्या पायाशी लोखंडी दांडीला धरून उभ्या होत्या.

"ताई, तुमच्याशी बोलायचं म्हणत्यात."

त्यांनी मोबाईल कानाला लावला. तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता आणि त्यातून एक तरणी हाक, "ताई, नमस्कार. मी विजय. आई म्हणाली, तुमी अगदी वक्तावर आलासा म्हणून झालं सगळं."

लढाईवरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज असा येतो, हे आक्काताई आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांच्या वेळी घरात फोन नव्हता. त्यांना वाटलं, त्यानं बोलतच राहावं, काहीही बोलावं, भाताबद्दल, थंडीबद्दल. पण तो वाट बघत होता.

"न्हाई रे बाळा," त्या म्हणाल्या. "उशीरच झाला मला."

"काय म्हणालासा? ऐकाय येईना. बाळाचं वजन काय भरलं, ताई?"

त्यांनी वजन सांगितलं. रोज वाढतंय म्हणून सांगितलं. लाईन तुटली.

संध्याकाळच्या बसला गर्दी होती, पण खिडकीची जागा मिळाली. शेजारी भाजीची बुट्टी घेतलेली बाई. आक्काताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचं सुचत नव्हतं.

"काय वं मावशी, कोण गेलं?" भाजीवालीनं विचारलं.

"कोण न्हाई गेलं. बाळंतीण हाय दवाखान्यात. बरी हाय. तिच्या मालकाचा फोन आला आज."

"मग चांगलं झालं की. लेक व्हय तुमची?"

"न्हाई."

"सून?"

"न्हाई. मी अंगणवाडीची."

"मग सरकारी मानसानं एवढं रडायचं कशापायी?" भाजीवाली म्हणाली, आणि बुट्टीतली एक काकडी काढून तिनं आक्काताईंच्या हातात ठेवली. "खावा. तोंड सुकलंय तुमचं."

वस्तीच्या थांब्यावर त्या उतरल्या. फोन आल्याची गोष्ट कुणाला तरी सांगावी असं पोटातून वाटत होतं. धोंडुबाईचं दार बंद होतं. पारावर बाळासो नि त्याचे सोबती पत्त्यांत बुडालेले. आक्काताई आपल्या घरी आल्या, दिवा लावला, जोतीरामच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. "आला बरं का फोन त्याचा," एवढं बोलल्या. मग काकडी चिरली, अर्धी खाल्ली, अर्धी झाकून ठेवली, कारण एकट्याला एवढी संपत नाही.

स्वप्नालीची लेक आता अंगणवाडीच्या झोळीत बसते आणि काट्याच्या साखळ्या ओढते. वस्तीत कुणाला दिवस गेले की आक्काताई पहिल्या आठवड्यातच जाऊन येतात. जातात, पण दाराशी पोचल्या की अजूनही घुटमळतात, हात कपाळाकडं जातो, आणि घरातल्या कामात असलेल्या माणसाचं तिकडं लक्ष नसतं. ते घुटमळणं काही जात नाही. एकदा कुंकू लावलं म्हणून इतक्या वर्षांचं मन धुऊन निघत नाही.

तेव्हा माउलींनो, गोष्ट सांगितल्याबद्दल मला काही मागायचं असेल तर एवढंच. तुमच्या घरी बाळंतीण असेल, कुणाचं माणूस लांब असेल, आणि एखादी बाई पिशवी घेऊन दाराबाहेर थांबलेली दिसेल, तर तिनं विचारायच्या आधी उठा, तिला हाताला धरून आत घ्या, आणि घेताना आमच्या आक्काताईंची याद ठेवा.